सुएझची सात दारं

मखमलाबादचा रंगनाथ मौले सुएझ कालव्यातून सव्वीस वेळा गेला. पाहिला मात्र एकदाच. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं. पण रंगनाथ जहाजावर स्वयंपाकी होता, आणि जहाज कालव्यात शिरलं की बाकी सगळ्यांचे डोळे कामाला लागतात, स्वयंपाक्याचे फक्त हात.

जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात आणि स्वयंपाकघराला गॅली. रंगनाथची गॅली जहाजाच्या मागच्या अंगाला होती. तिला थाळीएवढी एक गोल खिडकी. समुद्रात असताना त्या थाळीत निळं दिसायचं, कालव्यात पिवळं. तेवढ्यावरून त्याला कळायचं की इजिप्त आलं. त्यापुढे बघायला सवड नसायची, कारण कालव्याचा दिवस म्हणजे गॅलीत लग्नघर. पहाटे नांगर उचलायचा म्हणून खलाशांचा नाश्ता चार वाजता. मग कालव्याचा पायलट चढणार. जहाजाला वाट दाखवणारा हा तिकडचा अधिकारी, त्याचं ताट वेगळं. निम्म्या वाटेवर इस्माइलियाला हा उतरतो आणि दुसरा चढतो, त्याचं ताट पुन्हा वेगळं. शिवाय वाटेत कुठे जहाज काठाला बांधावं लागलंच तर हाताशी असावेत म्हणून तिकडचे नावाडी आपली होडी घेऊन जहाजावर येतात. ते दिवसभर असतात आणि त्यांना चहा लागतो, तोही असा गोड की ओठाला ओठ चिकटावा. आपल्या पंचवीस माणसांचं जेवण तर रोजचंच. सगळ्यांचं आवरून, ओटे पुसून वर डेकवर यावं तर कालवा संपलेला आणि समोर पुन्हा समुद्र.

याचं रंगनाथला कधी वाईट वाटलं नव्हतं. आपल्या वाट्याला आलेलं काम असंच आहे, असं तो धरून चालला होता. वाईट वाटायची वेळ आली ती वडिलांमुळे.

निवृत्तीनाना मौले पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. गंगापूर धरणाचा डावा कालवा मखमलाबादवरून जातो. गावात त्याला पाटच म्हणतात. त्या पाटाच्या काही मैलांतली दारं उघडायची, लावायची, ज्याची पाळी असेल त्याच्या शेताला पाणी द्यायचं आणि ज्याची नसेल त्याच्या शिव्या खायच्या, हे पाटकऱ्याचं काम. नानांनी ते एकतीस वर्षं केलं. कमरेला चाव्यांचा जुडगा, काखेत छत्री, पायांत टायरच्या चपला. घरचा दीड एकर फुलांचा मळा होता, शेवंती आणि झेंडू, पण त्यालाही त्यांनी पाळी सोडून कधी पाणी दिलं नाही. एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर घरचा झेंडू माना टाकत होता. नानांनी शेजाऱ्याची पाळी म्हणून शेजाऱ्याचं दार उघडलं, घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

रंगनाथची आई कुसाबाई तो बारा वर्षांचा असताना गेली. घरात दुसरं बाईमाणूस नाही, बाप दिवसभर पाटावर. पोरगा भाकरी थापायला शिकला, मग पिठलं, मग वरणभात. त्याच्या हाताला चव आहे हे आधी शेजारणींना कळलं. नानांना कळलं असेल तर ते बोलले नाहीत. रंगनाथनं पाटावरच चिकटावं असं त्यांच्या मनात होतं, खात्यातल्या साहेबांच्या कानावरही त्यांनी घालून ठेवलं होतं. रंगनाथ मात्र आधी शहरात द्वारका चौकातल्या एका हॉटेलात लागला, तिथून मुंबईला गेला आणि १९९१ साली एका ओळखीनं जहाजावर चढला. निघायच्या दिवशी नाना म्हणाले, "लोकांच्या भाकऱ्या भाजायला समुद्रात कशाला जायचं? इथं काय चुली नव्हत्या?"

त्यानंतर नऊ वर्षं बापलेकांचं बोलणं पावसापाण्याच्या पुढे गेलं नाही. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. रंगनाथ आठ-नऊ महिने जहाजावर असायचा आणि तीन-चार महिने घरी. घरी असला की मळ्यात राबायचा, बायको चांगुणा पहाटे फुलबाजारात निघाली की तिच्याबरोबर पाट्या उचलायचा, मुलगी सृष्टीचा अभ्यास घ्यायचा. नाना ओट्यावर बसलेले असायचे. कधी आला, कधी जाणार, एवढं विचारायचे आणि सुपारी कातरू लागायचे.

दोन हजार सालच्या एप्रिलमधली संध्याकाळ होती. सृष्टी तेव्हा सहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि ओट्यावर नकाशाचं पुस्तक उघडून बसली होती. पप्पांचं जहाज कुठून कुठून जातं हे तिला बघायचं होतं. रंगनाथनं बोट फिरवून दाखवलं. ही मुंबई, हे एडन, हा तांबडा समुद्र आणि मग इथून हा कालवा.

कालवा म्हटल्यावर नानांच्या हातातला अडकित्ता थांबला.

"कसला कालवा?"

रंगनाथनं सांगितलं. शंभर मैल लांब, वाळवंटातून माणसांनी खणलेला, त्यातून एवढाली जहाजं जातात. नाना विचारात पडले. आपल्या पाटात दोन म्हशी बसल्या तर पाणी तुंबतं, तिथं जहाज कसं मावत असेल, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात चाललं असावं. मग पाटकऱ्यानं विचारावं तेच त्यांनी विचारलं.

"दारं किती त्याला?"

नऊ वर्षांत बापानं पहिल्यांदाच त्याच्या जहाजाबद्दल काही विचारलं होतं. मी पाहिला नाही, मला ठाऊक नाही, असं म्हटलं असतं तर ते तिथंच संपलं असतं. रंगनाथला ते संपायला नको होतं. आणि तो अगदीच थाप मारत होता असंही नाही. कालव्यात जहाज मंदावतं, कधी तासन्‌तास थांबतं, मग पुन्हा चालू लागतं, हे त्याला गॅलीत पायांखालच्या थरथरीवरून कळायचं. पाटकऱ्याच्या पोरानं त्याचा एकच अर्थ लावून ठेवला होता, की पुढचं दार उघडायची वाट बघत असणार. बिनदाराचा कालवा असतो हे त्याच्या मनातच कधी आलं नव्हतं. आपलं जहाज कितीदा मंदावतं ते त्यानं आठवलं आणि म्हणाला, "सात."

"हातानं उघडतेत?"

"नाही नाना. विजेवर."

"आन्‌ दाराला पाटकरी?"

"एकेका दाराला दोन दोन."

नाना हसले. "मग निवांत घोरत असत्याल."

त्या रजेत नाना रोज काही ना काही विचारत गेले आणि रंगनाथ सांगत गेला. दारांची उंची सांगितली, त्यांचा रंग सांगितला, दार लावताना घंटा होते हेही सांगितलं. रात्री अंथरुणावर पडला की त्याला टोचायचं. सकाळी नानांनी ओट्यावर जागा करून दिली की तो पुन्हा बसायचा. जुलैत तो निघाला तेव्हा नाना त्याची पिशवी धरून रस्त्यापर्यंत आले.

रंगनाथ गेल्यावर नानांना बोलायला विषय मिळाला. पाटाच्या पुलाशी काळूची चहाची टपरी होती, तिथं गावातली रिकामी म्हातारी माणसं बसायची. नाना त्यांना सुएझची सात दारं सांगू लागले. त्यात त्यांनी पदरची भरही घातली. तिकडचे पाटकरी मोटारसायकलवर फिरतात आणि त्यांना छत्री सरकारी मिळते, हे नानांचं. लोक ऐकून घ्यायचे. रंगनाथ भाकऱ्या भाजतो असं नाना आता कुणाला म्हणत नव्हते. आमचा रंगा कालव्यानं जातो, असं म्हणत.

नोव्हेंबरात सृष्टीच्या वर्गात भूगोलाच्या तासाला कालव्यांचा विषय निघाला. सृष्टी हात वर करून उभी राहिली आणि तिनं सात दारं सांगितली, विजेसकट. बाईंनी समजुतीनंच सांगितलं, की दारं पनामाच्या कालव्याला आहेत, सुएझला एकही नाही. वर्ग हसला. मधल्या सुट्टीत एका मुलीनं विचारलं, तुझे पप्पा नक्की जहाजावरच असतात ना? सृष्टी घरी आली ती सरळ आजोबांच्या पुढ्यात येऊन रडायला लागली.

नानांनी चपला घातल्या आणि शाळा गाठली. बाईंनी त्यांना पुस्तक दाखवलं. नानांनी चष्मा लावून तेवढा परिच्छेद दोनदा वाचला, बाईंना नमस्कार केला आणि टपरी टाळून मळ्यातल्या वाटेनं घरी आले. पण गावात गोष्ट त्यांच्या आधी पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी काळूनं चहा देता देता विचारलं, "नाना, सातव्या दाराची चावी कुणाकडं हे म्हणायची?" काळू मनाचा वाईट नव्हता, त्याची जीभ तशी होती. नाना चहा अर्धा टाकून उठले. त्या दिवसापासून त्यांनी टपरी सोडली आणि पाटाच्या भरावावर एका निंबाखाली एकटेच बसू लागले.

लोक हसले याचं त्यांना फारसं नव्हतं. शिव्या खाण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांना वेगळीच भीती वाटत होती. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या म्हसरूळचा एक मुलगा दुबईला आहे असं घरचे सांगत होते आणि तो मनमाडच्या स्टेशनजवळ एका खानावळीत ताटं विसळताना कुणाला तरी दिसला. लाजेनं त्यानं चार वर्षं घरी कळू दिलं नव्हतं. नानांच्या डोक्यात तो मुलगा फिरू लागला. एके दिवशी ते चांगुणाला म्हणाले, "समुद्रावर असता तर दार नाय हे आंधळ्यालाबी कळलं असतं. पोरगं कुठं हे, कुणाची काय कामं करतंय, काय खातंय, देवाला ठाऊक." रंगनाथची पत्रं कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतून यायची, ती ते पूर्वी सृष्टीकडून तीन तीनदा वाचून घ्यायचे. आता पत्र वाचायला घेतलं की उठून मळ्यात जायचे.

हे सगळं रंगनाथला जानेवारीत कळलं. जहाज दुबईजवळ जेबेल अलीच्या बंदरात होतं आणि तो कार्ड घालून फोनवर बोलत होता. चांगुणानं आधी मळ्याचं सांगितलं, मग सृष्टीचं, मग नानांचं. म्हणाली, नानांनी जेवण निम्म्यावर आणलंय. रंगनाथ म्हणाला, अगं मी जहाजावरच आहे, मी फक्त कालवा पाहिलेला नाही. चौदा वेळा गेलो, पण आत गॅलीत होतो. बोलता बोलताच त्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं. चौदा वेळा गेलेल्या माणसाला कालव्याला दार आहे की नाही ठाऊक नाही, हे कोण खरं मानेल?

चांगुणा म्हणाली, "तुम्ही काय असेल ते नानांना खरं सांगा. आणि मलापण."

ते "मलापण" त्याला फोन ठेवल्यावर चावत राहिलं. पंधरा वर्षांचा संसार. तिनं कधी त्याच्या जहाजाचं नावसुद्धा दोनदा विचारलं नव्हतं.

दहा दिवसांनी जहाज कालव्याच्या दक्षिण टोकाला, सुएझ बंदरात पोहोचलं. रंगनाथनं आदल्या दुपारी कॅप्टनसाहेबांना गाठलं आणि उद्या सकाळी तासभर नाकाडावर, म्हणजे जहाजाच्या पार पुढच्या टोकाला, उभं राहायची परवानगी मागितली. कॅप्टनसाहेब चंदीगडचे, रांगडे गृहस्थ. भंडाऱ्याला दहा वर्षांनी सुएझ बघायची हौस आली म्हणून ते मोठ्यानं हसले, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. तासभर जा म्हणाले, पण इस्माइलियाच्या पायलटचं जेवण वेळेवर पाहिजे. रंगनाथनं पुलावची तयारी करून ठेवली आणि गॅली मेसमनच्या, म्हणजे वाढप्याच्या, हवाली केली. हा गोव्याचा वयस्कर माणूस. त्याला वाढायचं सगळं माहीत होतं, शिजवायचं काहीच नाही. अमुक वेळानं आच मंद कर, असं त्याला तीनदा बजावून रंगनाथ ॲप्रनसकट पुढे गेला.

सकाळचं ऊन कोवळं होतं. पुढे एक जहाज, त्याच्यापुढे आणखी एक, मागेही रांग. दोन्ही काठ इतके जवळ की हाक मारली तर ऐकू जावी. उजवीकडे नुसती वाळू. डावीकडे मात्र खजुराची झाडं, मातीची घरं, घरांवर वाळत घातलेले कपडे, आणि वाफे. रंगनाथनं कठडा घट्ट धरला. कांद्याचे वाफे होते ते. एक माणूस लुंगीसारखं काहीतरी वर खोचून, हातात फावडं घेऊन बारं धरत उभा होता. वाफा भरला की फावड्यानं माती ओढायची आणि पाणी पुढच्या वाफ्यात फिरवायचं, अगदी मखमलाबादसारखं. त्याच्या शेतामागून एक लहानसा पाट चालला होता. त्या पाटाला लोखंडी दार होतं आणि दाराला गोल चाक.

रंगनाथनं मग पुढे नजर लावली. मोठ्या कालव्याला दार येतं का ते बघत राहिला. नुसतं सरळ पाणी. तासाभरात एकही दार आलं नाही.

पाणी कुठून कुठं वाहतं हेही नानांनी विचारलं होतं, आणि त्याचंही उत्तर त्यानं ठोकून दिलं होतं. आता त्याला लहानपणची पाटावरची फेरी आठवली. पाणी संथ असलं की नाना त्याला म्हणायचे, पाण्याकडं बघू नको, खांबाकडं बघ, पाणी खांबाला ज्या अंगानं धडकतं तिकडून ते येतं. कालव्यात काठाजवळ तरंगती पिंपं बांधलेली होती, जहाजांना कड कळावी म्हणून. रंगनाथ लांबच्या पिंपांवर डोळे रोखून बसला. पाणी सुएझच्या अंगानं येऊन त्यांना धडकत होतं आणि पुढे उत्तरेला जात होतं.

एक म्हातारा नावाडी कधीचा त्याच्याकडे बघत होता. हिंदुस्थानी जहाजांवर चढून चढून त्याला मोडकी हिंदी येत होती. भंडारी, काय हरवलं, असं त्यानं विचारलं. रंगनाथ म्हणाला, दरवाजा. म्हातारा बोळक्या तोंडानं हसला आणि हातांनी समजावू लागला. दरवाजा नाही. सुएझच्या बाजूला भरती-ओहोटीप्रमाणे पाणी येतं-जातं. मधल्या तळ्यांच्या पलीकडे मात्र हिवाळ्यात ते उत्तरेला जातं आणि उन्हाळ्यात दक्षिणेला. मग त्यानं विचारलं, तुला कशाला हवंय हे? रंगनाथनं सांगितलं की माझा बाप कालव्याची दारं राखायचा आणि मी त्याच्याशी खोटं बोललो. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि तो तिथंच त्याच्या शेजारी उभा राहिला.

तेवढ्यात कालवा उघडला आणि तळं आलं, समुद्रासारखं रुंद. त्यात दहा-बारा जहाजं नांगर टाकून उभी होती. ही पलीकडून आलेली. आपली रांग निघून गेल्याशिवाय त्यांना पुढे सोडत नाहीत. म्हणजे दरवेळी जहाज थांबायचं ते दारासाठी नव्हे, पाळीसाठी. रंगनाथला ते बघता बघता हसू आलं, आणि गॅली आठवली.

धावत मागे गेला तेव्हा वास जिन्यातच आला. पुलाव तळाला लागला होता आणि मेसमन त्याच्यात पाणी ओतत होता. इस्माइलियाचा पायलट चढला, त्याला जेवायला अर्ध्या तासाहून जास्त थांबावं लागलं. तो उपाशीपोटी जहाज चालवत होता. कॅप्टनसाहेबांनी रंगनाथला बोलावून चार शब्द सुनावले. शिव्या दिल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागले.

दिवस कलता कलता कालव्याचं उत्तर टोक, पोर्ट सईद आलं आणि नावाड्यांची होडी खाली सोडली. रंगनाथ कठड्याशी आला होता. म्हाताऱ्यानं होडीतून वाकून एक रिकामी बाटली कालव्यात बुडवली, बूच लावलं, दोराच्या टोकाला बांधली आणि वर हात केला. रंगनाथनं दोर ओढला. होडी वळून जाईपर्यंत म्हातारा बोटानं बाटलीकडे आणि मग दूर पूर्वेकडे दाखवत होता. बापाला दे, असं.

मार्चअखेर रंगनाथ घरी आला. नाना ओट्यावर नव्हते. बॅग ठेवून, तोंडावर पाणी मारून तो बाटली घेऊन पाटावर गेला. उन्हाळी पाळी चालू होती, पाट काठोकाठ भरून वाहत होता. नाना निंबाखाली बसले होते. पाठमोरे बारीक दिसले. रंगनाथ त्यांच्या शेजारी मातीत बसला.

"नाना, मी खोटं बोललो. दारं सात नाहीत. एकही नाही."

"ते बाईनं सांगितलं," नाना पाण्याकडे बघत म्हणाले.

"मी कालवा तवर पाहिलाच नव्हता. चौदा वेळा गेलो, पण माणसं जेवायची असत्यात, गॅलीतून निघता येत नाही. तुम्ही विचारलं, आन्‌ मला पाहिला नाही म्हणवंना."

"का म्हणवंना?"

समोरून एक केळीचं पान वाहत गेलं.

"तुम्ही त्याच्या आधी कधी काही विचारलंच नव्हतं."

रंगनाथनं बाटली त्यांच्या मांडीजवळ ठेवली आणि ती कुठली ते सांगितलं. बऱ्याच वेळानं नानांनी ती उचलली, उजेडात धरली, बूच काढून वास घेतला. मग तळहातावर थोडं पाणी घेऊन जिभेला लावलं आणि थुंकले. पुन्हा एकदा लावलं.

"खारं हे."

"हो."

"सगळंच असं? शंभर मैल?"

"दोन्हीकडं समुद्रच आहे, नाना. शेजारी गोड्या पाण्याचा लहान पाट दिसला मला. त्याच्यावर कांद्याचे वाफे होते. त्याला होतं दार, आपल्यासारखं, चाकाचं."

"असणारच." नानांनी बूच लावलं. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "दार पाण्यासाठी नसतंय, रंगा. माणसासाठी असतंय. एकाची पाळी दुसऱ्यानं पळवू नये म्हणून. ह्या पाण्यावर मिरचीचं एक रोप जगायचं नाय. कोण मरायला कुदळ घेऊन येतंय चोरायला? मग दार लावायचं कुणाला भिऊन?" त्यांनी रंगनाथकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा. "बाईनं नुसतं नाय म्हणून सांगितलं. का नाय ते नाय सांगितलं."

मग ते विचारू लागले, आणि रंगनाथनं या वेळी पाहिलं तेवढंच सांगितलं. माहीत नाही तिथं माहीत नाही म्हणाला. पाणी पिंपाला कुठल्या अंगानं धडकत होतं ते सांगितलं तेव्हा नानांनी नुसता हुंकार भरला. तळ्यात पाळीसाठी थांबलेली जहाजं ऐकून मात्र ते खुलले. "तिथंबी पाळी हे? भांडत नाहीत?" भोंगे वाजवतात, रंगनाथ म्हणाला. शेवटी त्यानं लागलेल्या पुलावाचंही सांगितलं. नानांनी चुकचुक केली. पायलट किती वेळ उपाशी होता, ते त्यांनी दोनदा विचारलं.

उन्हं उतरल्यावर नाना उठले आणि घराकडे न वळता पुलाकडे निघाले. चार महिन्यांनी टपरीवर आले म्हणून लोकांनी बाकावर जागा केली. नानांनी बाटली मधोमध ठेवली आणि हे सुएझचं पाणी म्हणून सांगितलं. काळूनं बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं, तशी सगळी माणसं हसली. आणखी एक जण पुढे झाला तर नानांनी बाटली मागे ओढली. उरलेलं सृष्टीचं, म्हणाले, तिला ते शाळेत न्यायचंय. मग दार का नाही ते त्यांनी सगळ्यांना नीट फोड करून सांगितलं.

काळू गप्प बसणारा नव्हता. "ते ठीक हे, नाना. पण मग ती सात दारं कुठली?"

रंगनाथनं बोलायला तोंड उघडलं. नाना त्याच्या आधी बोलले.

"ती माझी. पोरानं नुसता कालवा सांगितला, दारं मी बसवली. जल्मभर दारंच केली, काळू, मला दुसरं काय सुचणार?"

काळूनं दोघांकडे पाहिलं. मग त्यानं दोन चहा भरले.

परतताना नाना पुढे आणि रंगनाथ मागे असे पाटाच्या कडेनं चालले होते. घर दिसायला लागलं तसे नाना थांबले.

"तुझं बघून झालं ना आता?"

"झालं, नाना."

"मग फुडच्या खेपंला जागा सोडू नको. बाकीच्यांनी बघू द्या काय बघायचं ते. माणसं वेळेवर जेवली पाहिजेत."